घरच्यांसाठी गावठी

महाड
९ ऑक्टोबर २०११

परेश,

डबा मिळाला. कंडक्टरने तो दोन बोटांत धरून माझ्या हातात दिला. म्हणाला, "मॅडम, पनवेलपासून ओरडतोय. पेणला एक बाई सीट बदलून मागे गेली." मी त्याला चहा पाजला. पुढच्या वेळीही तो डबा आणायला तयार आहे.

रातकिडे चांगले आहेत. रंग फिका, पोटं भरलेली, मिशा शाबूत. चार-पाच मेले होते. एवढ्या प्रवासात तेवढे मरतात. फक्त फार मोठे पाठवू नकोस. किडा भामाच्या पोटापेक्षा लहानच हवा. मोठा किडा अंगावर आला की तीच मागे सरकते. एवढी केसाळ टॅरांटुला, आणि कोपऱ्यात पाय गोळा करून बसते. बघवत नाही.

ऑगस्टमध्ये पुण्याला नेऊन तिची जोडी लावली, ते तुला सांगितलं होतं. नर तिथल्या एका पाळणाऱ्याकडचा होता. आता थंडी सरायच्या आत ती अंडी घालेल किंवा घालणार नाही. मी तिला आणलं तेव्हा ती मुगाच्या दाण्याएवढी होती. नऊ वर्षं झाली. हे एकदा व्हावं असं मला फार वाटतं. कॉलेजात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिते. तोपर्यंत माझ्या हातात एकच गोष्ट आहे: तिला नीट खाऊ घालणं.

किडे मीच वाढवले असते. पण घरमालकीण शशिकलाबाई म्हणाल्या, "कोळी चालेल, तो बोलत नाही. किडे नकोत." त्यांचं चूक नाही.

पुन्हा सांगते, रागावू नकोस. पाणी वाटीत ठेवू नकोस, बुडून मरतात. ओला कापूस ठेव. पाठवायच्या आदल्या दिवशी गाजर आणि कोंडा भरपूर दे. किड्याच्या पोटात जे असेल ते भामाच्या पोटात जातं. आणि शेतातला किंवा रस्त्यावरच्या दिव्याखालचा किडा कधीही घ्यायचा नाही. त्याने काय खाल्लंय ते आपल्याला माहीत नसतं.

रिकाम्या डब्यात हे पत्र ठेवते आहे.

दिपिका


नवीन पनवेल
१६ ऑक्टोबर २०११

ताई,

तू फोन करत नाहीस ते बरं. फोनवर माझा पहिला शब्दच अडकतो आणि समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देतो. कागदावर मी कोणाच्या बापाला ऐकत नाही.

किड्यांचा डरम मागच्या खोलीत आहे. आत अंड्यांचे ट्रे उभे लावलेत, तू सांगितलेस तसे. वास येतो, पण कळंबोलीला काट्यावर दिवसभर लोखंडाचे ट्रक मोजून आल्यावर तो वासही बरा वाटतो. आई रोज एकदा डोकावते आणि तेच बोलते, "घरान मानसाला कोन विचारीत नाय, आन किड्यांना गाजर!" बाबांचा विनोद ठरलेला आहे. "आगऱ्याची पोर कोळी पाळते. आता एखाद्या कोळ्याच्या पोरीने आगरी पाळला का फिटमफाट."

एक बातमी. वाशीला मासे-पक्षी विकणारं एक दुकान आहे, तिथे डरमसाठी थर्मामीटर घ्यायला गेलो होतो. सरडे पाळणारी पोरं त्याच्याकडे किडे मागतात आणि त्याला चांगले मिळत नाहीत. मी सांगितलं की मी वाढवतो. ताई, मला 'रातकिडे' म्हणायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. तो थांबला. मध्ये शब्द भरला नाही, मोबाईल बघितला नाही. तुझ्याशिवाय असं कोणी थांबत नाही. नंतर म्हणाला, नमुना आणून दाखवा.

नेऊ का? तू हो म्हणालीस तरच. किडे मुळात तुझे आहेत.

परेश


महाड
२ नोव्हेंबर २०११

परेश,

जरूर ने. यात विचारायचं काय? मी पुण्याहून आणून दिले होते ते एका बिस्किटाच्या डब्यात मावत होते. डरम तुझा आहे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. अंडी घालणारे किडे विकायचे नाहीत, कितीही मागणी आली तरी. आणि थंडीत ते मंदावतात. खातात कमी, वाढतात कमी, अंडी उशिरा फुटतात. डिसेंबरात डरम ओस पडल्यासारखा वाटेल. घाबरू नकोस.

तेव्हा किडे कमी पडले तर दुकानाला दे. मला नको पाठवूस. हे मी मोठेपणाने म्हणत नाही. टॅरांटुला महिना दीड महिना काही न खाता राहते, तिला त्याचं काही वाटत नाही. मला फक्त एक ओळ लिही: ताई, या खेपेला किडे नाहीत. पुरे.

भामा खाते आहे. काल तिने किडा धरला आणि तो तोंडात घेऊन जाळ्यावर सावकाश गोल फिरली. खाण्याआधी तसं करतात. माझी आजी जेवायला बसताना पाट दोनदा सरकवायची, ते आठवलं.

दिवाळीचा फराळ पोचला. मामीच्या चकल्या शशिकलाबाईंना दिल्या. आधी त्यांनी विचारलं, "किड्यांच्या डब्यातून नाही ना आल्या?"

दिपिका


नवीन पनवेल
२० नोव्हेंबर २०११

ताई,

शेठला नमुना आवडला. आता दर आठवड्याला नेतो. त्याने काचेवर कागद लावलाय, 'ताजे रातकिडे मिळतील'. मी ते बाहेर उभा राहून वाचलं.

किडे कमी पडत नाहीत. तू काळजी करू नको. तुझा डबा नेहमीसारखा येईल. तुला नाही म्हणायची वेळ माझ्यावर येणार नाही.

परेश


महाड
१८ डिसेंबर २०११

परेश,

आधी आनंदाचं. भामाने अंडी घातली. चार दिवस तिने बिळाचं तोंड जाळ्याने बंद करून घेतलं होतं. काल थोडं उघडलं. आत पांढरी पिशवी आहे, लिंबाएवढी. ती तिच्यावर बसून आहे, पुढचे पाय पिशवीभोवती. मी टॉर्च लावला तर तिने पिशवी पोटाखाली ओढली. मी टॉर्च बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. स्टाफरूममध्ये माझा हसरा चेहरा बघून अरुंधतीने विचारलं, काय गं, लग्न ठरलं का? मी नाही म्हटलं.

आता एक विचारायचं आहे. परवाच्या डब्यातले किडे वेगळे दिसले. काळपट आहेत, डोकी मोठी. झाकण उघडल्याबरोबर तिघं उडाले. तुझे किडे असे उडत नाहीत, त्यांना माणसाची सवय आहे. पंखांच्या मुळाशी पिवळा ठिपका दिसला असं वाटलं. दुसऱ्या कोणाकडून आणलेस का? आणले असलेस तर सांग. त्यात रागवण्यासारखं काही नाही. मी ते वापरणार नाही एवढंच.

दिपिका


नवीन पनवेल
२४ डिसेंबर २०११

ताई,

पेढे खाल्ले. आईला सांगितलं ताईच्या भामाला दिवस गेले, तर ती म्हणाली, गेले का भरले? बाबा दोन दिवस हसत होते.

किडे डरममधलेच आहेत. थंडीने रंग उतरतो, म्हणजे गडद होतो. शिवाय गव्हाचा कोंडा मिळाला नाही म्हणून नाचणीचा घातला होता. नाचणीनेही काळे पडत असतील. उडाले कारण डबा उन्हात राहिला होता. तू उगीच शंका काढतेस. मी तुला बाहेरचे किडे पाठवीन का?

शेठने आता पनवेलच्या माणसाचे किडे म्हणून गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केलीय. नाव नाही घेत, पण पनवेल म्हणतो.

संक्रांतीनंतर शेतात शेंगांचं मडकं भाजून पोपटी लावणार आहोत. वाल यंदा चांगला आलाय. ये.

परेश


महाड
८ जानेवारी २०१२

परेश,

तू म्हणतोस तर नाचणी असेल. मी शंका घेतली, मला माफ कर. हल्ली मला सगळीकडे धोका दिसतो. शशिकलाबाईंनी जिन्यात उदबत्ती लावली तरी मी जाऊन विझवते.

पोपटीला येता येणार नाही. भामाला सोडून एक रात्रही बाहेर राहायचं नाही, असं ठरवलं आहे.

ती फार वाळली आहे. पोट इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पिशवी सांभाळणारी मादी सहसा खात नाही. पण काल मी बिळाच्या तोंडाशी काडी हलवली तर तिने पिशवी न सोडता पुढचे दोन पाय बाहेर काढले. भूक लागली आहे. तेव्हा थोडेच पाठव, पण नीट निवडून. नुकती कात टाकलेले मऊ किडे असले तर उत्तम. मागच्या डब्यातले दोन-तीनच दिले होते, बाकीचे देववले नाहीत.

या वेळी मी डबा उघडून तपासणार नाही. तुझ्यावर सोडते.

दिपिका


नवीन पनवेल
१६ जानेवारी २०१२

ताई,

डब्यात निवडक पंधरा आहेत. वरच्या पुडीत तिळगूळ आहे, तो तुला. अदलाबदल करू नको.

गोड बोल.

परेश


महाड
२१ जानेवारी २०१२

परेश,

भामा गेली.

मंगळवारी तिने दोन किडे घेतले. पिशवी एका बाजूला ठेवून खाल्ले. मला बरं वाटलं. बुधवारी ती बिळाबाहेर होती. पिशवी आतच राहिली होती. तिचे पाय झटके देत होते, एकेक वेगळा, जसे ते तिचे नाहीत. चालायला लागली की गोल फिरायची आणि उलटी पडायची. मी तिला सरळ केलं. असं बऱ्याचदा. नऊ वर्षांत मी तिला हात लावला नव्हता, तिला ते आवडत नाही. शुक्रवारी तिचे पाय पोटाखाली गोळा झाले. मग हलले नाहीत.

ही विषबाधा आहे. दुसरं काही असू शकत नाही. खोलीत डास मारायचं काही मी लावत नाही. खिडकी बंद असते. एकच गोष्ट उरते. सोमवारी शशिकलाबाईंनी जिना आणि माझ्या दारापुढची जागा पुसली. मी वर गेले आणि त्यांना विचारलं, फिनेल घातलं होतंत ना? त्या नाही म्हणाल्या. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "अहो, मी नुसत्या पाण्याने पुसलं." मी त्यांना खोटारड्या म्हटलं. जिन्यात, शेजाऱ्यांसमोर. त्यांनी दार लावून घेतलं.

पिशवी मी बाहेर काढली आहे. मलमलच्या फडक्याच्या झोळीत, काचेच्या बरणीत टांगली आहे. भामा असती तर ती पिशवी फिरवत राहिली असती, नाहीतर अंडी एका बाजूला चिकटतात. आता ते मी करते. कॉलेजात जाण्याआधी, मधल्या सुट्टीत घरी येऊन, संध्याकाळी. आत जिवंत काही आहे का, ठाऊक नाही.

तुला काही सुचतं का? कशाने झालं असेल?

दिपिका


नवीन पनवेल
२६ जानेवारी २०१२

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काय लिहू? भामा म्हणजे तुझ्या घरचं माणूस होतं.

मला वाटतं फिनेलच. अशी माणसं कधी कबूल करत नाहीत. किडे नकोत म्हणाली होती तेव्हाच तिच्या मनात काय होतं ते कळलं असतं. तू खोली बदल. पनवेलला बदली मागून घे, इथे ये.

पिशवी फिरवत राहा. पिल्लं निघाली तर त्यांना मुंगीएवढे किडे लागतील, ते मी देईन.

परेश


पनवेल
२९ जानेवारी २०१२

चि. दिपिकास सत्यवतीमामीचा आशीर्वाद.

मी चवथी शिकलेली. चूकभूल पोटात घाल.

परेशने सांगितलं तुजी भामा गेली. वाईट वाटून घेव नको. जीव हाय तो जानारच. परेश दोन दिस नीट जेवला नाय. त्याला बोलता येत नाय पन आमाला कलतं. तुज्यावर त्याचा लय जीव. तुज्यासाठी त्याने काय कमी केलं नाय, ते तुला म्हाईत असावं म्हनून मी लिवते. तो आपल्या तोंडाने सांगनार नाय.

डरममधलं किडं सगलं वाशीच्या शेठला जातं. थंडीत आदीच कमी. मी त्याला बोलले, आरं, बहिनीला काय पाठवशील? तवा तो तुज्यासाठी आपल्या वालात जायला लागला. सकालच्या थंडीत ढेकलं उलटी करून एकेक किडा पकरायचा. हात फुटलं त्याचं. मी बोलले, बरा करतस. गिऱ्हाइकाला बॉयलर कोंबडी आन घरच्याला गावठी. शेतात उड्या मारलेला किडा तो, त्याला चव असल. डरमातल्याला काय असनार?

वालाच्या शेंगा पाठवते. कवल्या हायत. भांबुर्डीचा पाला पन ठेवलाय, तिथं मिलल नाय मिलल. पोपटी नाय तर नुसत्या उकडून खा. पन शेंगा तीन पान्यांनी धुव. संक्रांतीच्या आदल्या हप्त्यात तुज्या मामाने वालावर औषध मारलं. शेंगा पोखरनारी अली पडलेली. लय जहाल औषध हाय. आमी वालाचा पाला गुरांनापन घातला नाय. म्हनून सांगते, धुव.

घरा येत जा. मामा आठवन काढतान.

तुजी मामी


महाड
२ फेब्रुवारी २०१२

परेश,

शेंगांबरोबर मामीचं पत्र होतं. तू ते वाचलं नाहीस. वाचलं असतंस तर ते माझ्यापर्यंत आलं नसतं.

मामीने मला शेंगा तीन पाण्यांनी धुवायला सांगितल्या. गुरांना पाला घातला नाही असं लिहिलं. किड्यांबद्दल मला कोणी काही सांगितलं नाही.

थंडीत डरम रिकामा होतो हे मीच तुला लिहिलं होतं. दुकानाला दे, मला नको, हेही मीच लिहिलं होतं. तुला एक ओळ लिहायची होती. त्यासाठी तुला तोंडही उघडावं लागणार नव्हतं.

मी विचारलं तेव्हा तू नाचणी म्हणालास. तो काळा किडा माझ्या तळहातावर होता. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. शेतातला रातकिडा मला ओळखता येतो, परेश. मी तो ओळखला होता. मग तुझं पत्र आलं आणि मी माझे डोळे खोटे ठरवले.

पण हे सगळं एकीकडे. भामा मेल्यावर मी तुला विचारलं, कशाने झालं असेल. तुला माहीत होतं. तू लिहिलंस, फिनेल. अशी माणसं कबूल करत नाहीत, असंही लिहिलंस.

मी काल शशिकलाबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाही हेच सांगत होते. तुम्ही ऐकलं नाहीत." मग म्हणाल्या, "मामेभाऊ ना तो? चकल्यांचा?" मी हो म्हटलं.

मामीला काही सांगू नकोस. तिने प्रेमाने लिहिलं आहे.

दिपिका


नवीन पनवेल
१० फेब्रुवारी २०१२

ताई,

तू लिहिलंस ते खरं आहे. तू एक विचारलं नाहीस. औषधाचं मला माहीत होतं का? होतं. पंपात पाणी मीच भरून दिलं. मी बांधाकडचे किडे घेतले, औषध तिथपर्यंत गेलं नसेल असं धरून चाललो. धरून चाललो म्हणजे काय ते तुला कळेल.

शेठ एक आठवडा चुकला असता तर त्याने दुसरा माणूस बघितला असता. त्याच्याकडे जाऊन 'या आठवड्यात नाहीत' म्हणायचं, आणि त्याचा चेहरा बघायचा. आता माझा शब्द निघेपर्यंत तो थांबतो. तेव्हा थांबला असता की नाही, मला बघायचं नव्हतं. तू कुठे जाणार होतीस? तू माझीच आहेस. माणूस आपल्याच माणसाचं मागे टाकतो. घरात पाहुणा आला की चांगलं ताट त्याला, आणि आपण पातेल्यात जेवतो. त्यात आईला राग येत नाही. तुलाही येणार नाही असं वाटलं. किडा म्हणजे किडा.

आणि तुला 'नाहीत' कळवायचं म्हणजे तुझ्या नजरेत डरम फसला. तो मला फसवायचा नव्हता.

फिनेलचं का लिहिलं ते मला सांगता येत नाही. तू स्वतःच ते लिहिलं होतंस. मी हो म्हणालो.

आता थंडी गेली. डरम भरलाय. पिल्लांसाठी मुंगीएवढे मी बाजूला काढतोय. डरममधलेच, आईच्यान. पुढच्या आठवड्यात डबा पाठवतो. तो घे. रागाचं नंतर बघू.

परेश


नवीन पनवेल
४ मार्च २०१२

ताई,

हे पोस्टाने पाठवतोय, कारण डबा परत आला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम स्टँडवर आल्या होत्या. डबा बघितला, हातात घेतला नाही. चहा मात्र पाजला."

उघडून बघितलं तर किडे तसेच होते. एकही मेला नव्हता. इतके चांगले मी शेठलाही कधी दिले नाहीत.

आई विचारते, होळीला दिपिका येणार ना? मी काय सांगू?

पिल्लं निघाली का, एवढं तरी लिही.

परेश


महाड
२५ मार्च २०१२

दुकानमालक यांस,
वाशी

स. न. वि. वि.

तुमच्या दुकानाचा पत्ता पुण्याच्या एका परिचितांकडून मिळाला. माझ्याकडे टॅरांटुलाची पिल्लं आहेत. अंडी पुष्कळ वाया गेली, तरी चाळीसेक निघाली. त्यांनी एकदा कात टाकली आहे आणि ती आता खायला मागतात. एवढ्या पिल्लांना इथे देण्यासारखं काही मिळत नाही.

तुमच्याकडे पनवेलहून रातकिडे येतात, असं कळलं. फिक्या रंगाचे, गाजर-कोंड्यावर वाढवलेले. मला तेच हवे आहेत, आकार मुंगीएवढा. दुसऱ्या कोणाचे चालणार नाहीत. तो माणूस त्यांना चांगलं वाढवतो, याची मला खात्री आहे.

इतर गिऱ्हाइकांना जो भाव लावता तोच मला लावावा. सवलत नको. मनीऑर्डर आगाऊ करीन. पार्सल सौ. शशिकला यांच्या नावे पाठवावं, पत्ता सोबत लिहिला आहे. त्या माझ्या घरमालकीण आहेत. डबा घ्यायला त्या तयार झाल्या आहेत, आवाज होतो हे माहीत असूनही.

एक विनंती. किडे देणाऱ्याला महाडचं नाव कळू देऊ नये. माझं तर नाहीच. किडे कुठल्यातरी परक्या गिऱ्हाइकासाठी आहेत, एवढंच त्याला माहीत असावं. म्हणजे तो चांगले देईल.

आपली,
दि. भोईर